बेरी, बाकीची फळं आणि त्यांच्या नावावर खपणारे दावे

सालासकट

ब्लूबेरीने स्मरणशक्ती वाढते, क्रॅनबेरीने लघवीची जळजळ थांबते, गोजी बेरीने म्हातारपण लांबतं. केळं किंवा आंबा खाल्ला की मात्र वजन आणि शुगर दोन्ही वर! फळांविषयी फिरणारे निरोप साधारण याच चालीवर असतात. त्यातलं खरं कितपत, ते एका जागी असावं म्हणून हा धागा. मी आहारशास्त्र शिकलेय, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी कुठली गोळी घ्यावी-सोडावी यावर बोलणार नाही.

आधी आकडे, म्हणजे पुढची भांडणं मुद्द्याला धरून होतील. सगळे अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांतले, १०० ग्रॅम ताज्या फळामागे. ब्लूबेरीत ५७ कॅलरी, साखर १० ग्रॅम, चोथा, म्हणजे फायबर, २.४ ग्रॅम आणि क जीवनसत्त्व जेमतेम १० मिलिग्रॅम. आता सफरचंद बघा: ५२ कॅलरी, साखर १० ग्रॅम, चोथा २.४ ग्रॅम. म्हणजे सगळ्यात जास्त गाजावाजा जिचा होतो ती बेरी या तक्त्यात सफरचंदाच्या मांडीला मांडी लावून बसलेली आहे.

खरी बाजी मारतात तिच्या बहिणी. रास्पबेरीत चोथा ६.५ ग्रॅम आणि साखर फक्त ४.४. ब्लॅकबेरीत चोथा ५.३, साखर ४.९. स्ट्रॉबेरी ३२ कॅलरींची, पण क जीवनसत्त्व ५९ मिलिग्रॅम, संत्र्याच्या (५३) किंचित वरच. ब्लॅककरंटमध्ये तर १८१. आणि ज्याला कुणी सुपरफूड म्हणत नाही त्या पेरूत क जीवनसत्त्व २२८ मिलिग्रॅम, चोथा ५.४ ग्रॅम. प्रौढ माणसाची क जीवनसत्त्वाची दिवसाची गरज अमेरिकी शिफारशीप्रमाणे बाईला ७५, पुरुषाला ९० मिलिग्रॅम. एक छोटा पेरू खाल्लात की त्या दिवसापुरता तो विषय मिटला.

मग ब्लूबेरीचं एवढं काय? तर रंग. एक ब्लूबेरी सुरीने आडवी कापून बघा. साल गडद जांभळी, जवळजवळ काळी, आणि आतला गर फिकट, हिरवट-पांढरा. तो जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा, आणि तो जवळपास सगळा त्या पातळ सालीत असतो. म्हणून छोट्या दाण्यांची बेरी मोठ्या दाण्यांपेक्षा वजनाला वजन जास्त रंग देते: साल जास्त, गर कमी. हीच द्रव्यं ब्लॅकबेरीत, जांभळात, काळ्या द्राक्षांत, तुतीत आणि चेरीतही आहेत. बेरीवर्गाची त्यावर मक्तेदारी नाही.

पुढचं प्रतिसादांत बोलू. प्रश्न टाका.

टवाळ

पेरूला अखेर न्याय मिळाला. डोळे पाणावले.

शंकासुर

ताई, चांगला धागा. पण 'अँटिऑक्सिडंट' शब्द आला नाही अजून, आश्चर्य आहे. बाटल्यांवर, पुड्यांवर छापलेलं असतं की आमच्या बेरीत इतके हजार युनिट अँटिऑक्सिडंट. तो आकडा येतो कुठून?

सालासकट

मुद्दामच टाळला होता. तो आकडा बहुधा 'ओरॅक' नावाच्या चाचणीचा असतो. फळाचा अर्क परीक्षानळीत घेतात आणि तो ऑक्सिडीकरण किती रोखतो ते मोजतात. खुद्द अमेरिकी कृषी खात्याने २००७ मध्ये शेकडो पदार्थांच्या ओरॅक आकड्यांचा तक्ता प्रसिद्ध केला, २०१० मध्ये वाढवला आणि २०१२ मध्ये संकेतस्थळावरून चक्क काढून टाकला. कारण त्यांनीच दिलं: नळीतल्या आकड्याचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दिसत नाही आणि कंपन्या जाहिरातीसाठी तो वापरतायत.

तसं होणारच होतं. अँथोसायनिन आपण गिळतो त्यातलं फार थोडं जसंच्या तसं रक्तात पोचतं. बरंचसं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते तोडून वेगळीच द्रव्यं बनवतात, आणि जो काही फायदा होतो तो बहुधा त्या द्रव्यांचा. नळीत हे जिवाणू नसतात. तेव्हा पुडीवर 'ओरॅक' दिसलं तर एवढंच समजा की छापणाऱ्याला २०१२ अजून उजाडायचं आहे.

निंबोणी

>> तो आकडा बहुधा 'ओरॅक' नावाच्या चाचणीचा असतो

हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

म्हणजे फायदा काहीच नाही का मग? हृदयासाठी बेरी चांगल्या असं आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीही सांगितलं होतं.

सालासकट

नाही नाही, तसं नाही. माझा राग जाहिरातीवर आहे, फळावर नाही.

हृदयाबाबत सगळ्यात जास्त उद्धृत होतो तो २०१३ चा अभ्यास. अमेरिकेतल्या ९३,६०० नर्सेस, सुरुवातीला वय २५ ते ४२, अठरा वर्षं पाठपुरावा. ज्या आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा ब्लूबेरी किंवा स्ट्रॉबेरी खायच्या, त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसलं. स्मरणशक्तीचंही असंच: २०१२ मध्ये सत्तरीपुढच्या १६,०१० बायकांच्या अभ्यासात बेरी जास्त खाणाऱ्यांची बौद्धिक झीज हळू होताना दिसली, अडीच वर्षांपर्यंतचा फरक.

पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. रोज बेरी खाणारी बाई सहसा सिगरेट कमी ओढते, चालायला जाते, तपासण्या वेळेवर करते. संशोधक हे सगळं गणितात धरतात, तरी पूर्ण सुटं करता येत नाही.

प्रयोगही आहेत, छोटे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकात पोटाचा घेर, रक्तदाब, शुगर असं सगळंच थोडं वर असलेल्या ११५ जणांना सहा महिने रोज ब्लूबेरीची पूड दिली. एका गटाला १५० ग्रॅम ताज्या फळाइतकी, दुसऱ्याला निम्मी, तिसऱ्याला तशाच रंगाची खोटी पूड. पूर्ण मात्रेच्या गटात रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारली, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं. इन्सुलिनला शरीर जो प्रतिसाद देतं त्यात काही फरक नाही. आणि निम्म्या मात्रेने रक्तवाहिन्यांनाही काही झालं नाही! म्हणजे दह्यावर शोभेपुरते पाच दाणे टाकायचे आणि हृदय सांभाळलं म्हणायचं, हे जमणार नाही.

आणखी एक. अशा बऱ्याच चाचण्यांना ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचा पैसा असतो. तेवढ्याने निकाल खोटा ठरत नाही, पण पेरूवर तितके प्रयोग का नाहीत, याचं उत्तर त्यात आहे.

शेवटचा_बाक

पेरू उत्पादकांनो, एक व्हा.

जुनी_वही

क जीवनसत्त्वावरून थोडं अवांतर, पण धाग्याला धरूनच.

फळाचा आणि रोगाचा संबंध प्रयोगाने दाखवायचा पहिला गाजलेला प्रयत्न १७४७ चा. ब्रिटिश आरमाराच्या सॅलिसबरी जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग) झालेले १२ खलाशी घेतले आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर (आंबवलेला सफरचंदाचा रस), कुणाला सौम्य सल्फ्युरिक आम्ल, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी (बिचारे!), आणि एका जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत जहाजावरची फळं संपली, पण तोवर त्या दोघांतला एक जण कामाला लागण्याइतका बरा झाला होता.

तरी आरमाराने लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला १७९५ उजाडलं. आणि गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडिजमधली छोटी हिरवी लिंबं वापरायला सुरुवात केली. त्यात क जीवनसत्त्व मुळात कमी, शिवाय साठवणीत आणि तांब्याच्या नळ्यांतून जाताना उरलंसुरलंही गेलं. जहाजं वाफेवर लवकर पोचायला लागली होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. १८७५ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत रस बरोबर असूनही स्कर्व्ही उलटली. मग लोक म्हणायला लागले की फळाबिळाचा काही संबंधच नाही, खराब मांसाने होते! ते द्रव्य वेगळं काढून ओळखायला विसावं शतक उजाडलं. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

सालासकट

वा! दंडवत. 'रस आहे म्हणजे फळ आहे' हा गैरसमज इतका जुना आहे तर.

साधीसुधी

माझा प्रश्न रसाचाच आहे. आमच्याकडे सासऱ्यांना मधुमेह. ते फळ चावायचा कंटाळा करतात, रस मात्र आवडीने पितात, आणि म्हणतात "फळच आहे ना, साखर थोडीच घातलीय". त्यांना काय सांगू? की फळंच बंद करू?

सालासकट

साधीसुधी, फळं बंद करू नका, रस बंद करा.

एक ग्लास संत्र्याच्या रसाला साधारण तीन संत्री लागतात. सोलून, फोडी करून, बिया काढत तीन संत्री एका बैठकीत किती जण खातात? रस मात्र दोन मिनिटांत पोटात. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये हे मोजून झालंय: तेवढीच साखर असलेली अख्खी सफरचंदं, त्यांचा गरगट लगदा आणि रस. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला, पोट भरल्यासारखं सगळ्यात कमी त्यानेच वाटलं, आणि इन्सुलिन अख्ख्या फळापेक्षा जास्त उसळून नंतर रक्तातली साखर खाली घसरली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या साखरेच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच फळाच्या रसातली साखर 'मोकळी साखर' धरली आहे, म्हणजे चहात घातलेल्या साखरेच्याच रांगेत. अख्ख्या फळातली साखर त्या रांगेत नाही. सासऱ्यांना एवढं वाचून दाखवा.

मधुमेहींनी फळं किती खावीत यावर डेन्मार्कमधला एक छोटा प्रयोग आहे, २०१३ चा. नव्याने टाइप २ मधुमेह कळलेले ६३ जण. निम्म्यांना सांगितलं रोज दोनच्या वर फळं नकोत, निम्म्यांना सांगितलं कमीत कमी दोन खा. बारा आठवड्यांनी एचबीए१सी मध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) दोन्ही गटांत फरक नव्हता. फळ कमी करून कुणाचं भलं झालं नाही. आणि त्याच वर्षी १,८७,००० हून जास्त अमेरिकी लोकांच्या पाहणीत ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अख्खी खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण कमी आणि रस पिणाऱ्यांत किंचित जास्त दिसलं.

द्राक्षं! ज्यात १०० ग्रॅमला साडेपंधरा ग्रॅम साखर आणि चोथा एक ग्रॅमसुद्धा नाही. तेव्हा नुसत्या साखरेच्या आकड्यावरून फळाला आरोपी करू नये. प्रमाण मात्र सांभाळायचंच: मूठभर, जेवणाबरोबर किंवा थोड्या शेंगदाण्या-बदामांबरोबर, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी बघायचं. प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं.

चिकित्सक

सहमत. फक्त एक पुरवणी: इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर 'शुगर फार खाली गेल्यावर लगेच अर्धा ग्लास रस' हा सल्ला वेगळा, तो कायम आहे. तिथे रसाचा वेगच कामाला येतो. सासऱ्यांच्या घरातून रस हद्दपार करताना हे लक्षात असू द्या.

साधीसुधी

दोघांचेही आभार. हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आणि स्मूदी? नातवंडांसाठी करते ती तेही पितात.

सालासकट

चिकित्सक, बरं झालं लिहिलंत.

स्मूदी रसाइतकी वाईट नाही, कारण चोथा आतच राहतो. बिया असलेल्या बेरी मिक्सरमधून फिरवल्या तरी शुगर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय. दळलेल्या बियांतला चोथा कामाला येत असावा. फक्त गाळू नका, मध-साखर घालू नका, आणि ग्लास केवढा ते बघा.

एक मजेची गोष्ट. बेरीच्या स्मूदीत सगळे सवयीने केळं घालतात. केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, कापलेलं केळं काळं पडतं ते त्यामुळेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केळं घातलेली स्मूदी प्यायल्यावर रक्तातलं फ्लॅव्हॅनॉलचं (बेरी, कोको वगैरेंत असणारी, अँथोसायनिनच्याच कुळातली द्रव्यं) प्रमाण फ्लॅव्हॅनॉलची नुसती कॅप्सूल घेतल्यापेक्षा ८४ टक्के कमी निघालं. फक्त बेरींच्या स्मूदीत अशी घट नव्हती. प्रयोग मोजक्या लोकांवरचा आहे, आणि केळं वाईट असा याचा अर्थ नाही (पोटॅशियम ३५८ मिलिग्रॅम, तेही हवंच की). पण बेरीतली फ्लॅव्हॅनॉल मिळावीत म्हणून स्मूदी करत असाल तर केळं बाजूला चावून खा.

टवाळ

केळं हा अंतर्गत शत्रू निघाला. कट उघडकीस.

रानवाट

क्रॅनबेरीचं काय? मला वरचेवर मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. एकजण म्हणते क्रॅनबेरी रामबाण, दुसरी म्हणते थोतांड.

चिकित्सक

याचं उत्तर मी देतो, कारण यात मतं बदलली आहेत.

२०१२ च्या कॉक्रेन आढाव्याचा (एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) निष्कर्ष होता की क्रॅनबेरीचा उपयोग दिसत नाही. २०२३ मध्ये तोच आढावा ५० चाचण्या घेऊन नव्याने केला आणि निष्कर्ष फिरला. वरचेवर संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये तो पुन्हा होण्याचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी झाला, मुलांमध्ये निम्म्याहून जास्त. वृद्धाश्रमात राहणारे वयस्कर, गरोदर बायका आणि मूत्राशय नीट रिकामं न होणारे रुग्ण यांच्यात मात्र फायदा दिसला नाही.

काम कसं करते? ई. कोलाय जिवाणूंना केसांसारखे तंतू असतात, त्यांनी ते मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटतात. क्रॅनबेरीतली 'ए' प्रकारची प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं ही चिकटण्याची क्रिया अडवतात. जिवाणू मरत नाहीत. म्हणूनच हा उपाय संसर्ग होऊ नये यासाठी आहे, झालेला बरा करण्यासाठी नाही. जळजळ सुरू झाली, ताप आला, कंबरेत दुखायला लागलं तर रस पीत बसू नका, लघवी तपासा आणि प्रतिजैविक लागेल ते घ्या. वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर क्रॅनबेरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

सालासकट

आणि रानवाट, सुक्या क्रॅनबेरीची पुडी आणणार असाल तर ती उलटी करून घटक वाचा. बहुतेकांवर असं दिसेल: क्रॅनबेरी, साखर, सूर्यफूल तेल. ताज्या क्रॅनबेरीत १०० ग्रॅममागे जेमतेम ४ ग्रॅम साखर, त्यामुळे ती तोंडात धरवत नाही इतकी आंबट-तुरट. वाळवताना साखरेच्या पाकातून काढतात, मग त्याच १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅमच्या आसपास साखर. हे फळ राहिलं नाही, गोळी-चॉकलेट झालं.

बेदाणे, खजूर, अंजीर यांत वरून साखर घालत नाहीत, पण पाणी उडून गेल्याने मूठभरात साखर एकवटते. सुकं आलुबुखार मात्र बद्धकोष्ठाला खरंच चांगलं, त्यात सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखं गोड द्रव्य असतं ते आतड्यात पाणी ओढतं. ते नको असेल तर रोज दोन किवी, त्याच्यावरही नीट चाचण्या झाल्या आहेत.

गोजी, आसाई वगैरेंच्या पुड्यांबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते: फळं म्हणून ठीक, चमत्कार म्हणून पुरावा नाही. बिलबेरीने (ब्लूबेरीची युरोपातली बहीण) रात्रीची नजर सुधारते ही दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या नावावर खपणारी गोष्टही तशीच. नीट केलेल्या चाचण्यांत ती टिकली नाही.

अनवाणी

गोठवलेल्या बेरी आणल्या तर चालतात का? ताज्या म्हणून मिळतात त्या दोन दिवसांत बुरसटतात. रास्पबेरीला तर ओला हात लावायची सोय नाही.

सालासकट

चालतात, उत्तम चालतात. पूर्ण पिकल्यावर तोडून लगेच गोठवलेल्या असतात, त्यामुळे क जीवनसत्त्व आणि रंग बरेचसे टिकतात. लांबून प्रवास करून आलेल्या 'ताज्या' बेरीपेक्षा काही वेळा सरसच. वितळल्या की लिबलिबीत होतात, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात. वाटीच्या तळाशी जांभळं पाणी जमतं ते टाकू नका, रंग त्यातच उतरलेला असतो.

पण एक धोका सांगायलाच हवा. या बेरी कितीतरी हातांतून जातात, आणि गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. २०१२ मध्ये जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून नोरोव्हायरसची (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) लागण होऊन सुमारे ११,००० लोक आजारी पडले, त्यात शाळकरी मुलं जास्त. युरोपात पुढच्या वर्षी गोठवलेल्या मिश्र बेरींतून हेपॅटायटिस ए ची (विषाणूमुळे होणारी कावीळ) साथ आली. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर या बेरी खदखदून एक मिनिट उकळा. क जीवनसत्त्व थोडं जाईल, जाऊ दे.

ताज्या बेरी आणल्या आणल्या धुऊ नका, ओल राहिली की बुरशी धरते. खायच्या आधीच धुवा, वाहत्या पाण्याखाली, चाळणीत. रास्पबेरी आतून पोकळ असते, त्या टोपीत पाणी साचतं. धुतल्यावर कापडावर पालथ्या घालून ठेवा. आणि डब्यात एक जरी बुरसटलेली दिसली तर ती आणि तिला चिकटलेल्या काढून टाका, नुसता बुरसटलेला भाग कापून उरलेली बेरी खाऊ नका. इतक्या मऊ फळात बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात.

निंबोणी

लहान मुलांना कधीपासून द्याव्यात?

चिकित्सक

वरचं अन्न सुरू झालं की देता येतात, प्रश्न आकाराचा आहे. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. पाच वर्षांपर्यंत द्राक्षं उभी चिरून चार भाग करून द्या, आडवी नाही. ब्लूबेरी बोटाने चेपून द्या. खाताना मूल बसलेलं असावं, पळणारं नको.

शंकासुर

किवी किंवा अननस खाल्लं की माझ्या जिभेला खाज सुटते, ओठ चुरचुरतात. ही ॲलर्जी का?

चिकित्सक

अननसाचं थोडं चुरचुरणं सगळ्यांनाच होतं, त्यात ब्रोमेलेन हे प्रथिन तोडणारं विकर असतं. किवीने खाज येते ती मात्र ॲलर्जी असू शकते. काहींना परागकणांची ॲलर्जी असते आणि फळातली प्रथिनं त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने तोंडाला खाज येते. शिजवलं की बऱ्याचदा त्रास होत नाही. रबराचे हातमोजे घालून अंगावर पुरळ येत असेल तर केळं, किवी, ॲव्होकाडो यांनीही त्रास होऊ शकतो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. घसा आवळला, श्वास लागला, चेहरा सुजला तर थांबू नका, थेट रुग्णालय.

आणि विषय निघालाच आहे तर औषधांचं. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस यांत फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्यं असतात. आतड्यातलं जे विकर काही औषधं तोडतं तेच ती बंद पाडतात, मग औषध रक्तात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पोचतं. शोधही अपघातानेच लागला: १९८९ मध्ये कॅनडात फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा परिणाम तपासत होते, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि गोळीचं प्रमाण भलतंच वर गेलं. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन यांनाही हे लागू. सकाळी रस, रात्री गोळी असं अंतर ठेवून भागत नाही, परिणाम एक-दोन दिवस टिकतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, अजिबात नको. त्यातलं कॅरँबॉक्सिन हे विषारी द्रव्य निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, आजारी टाकू शकत नाही. न थांबणाऱ्या उचक्यांपासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. केळं, संत्रं यांतल्या पोटॅशियमवरही अशा रुग्णांना मर्यादा घालतात. ब्लूबेरीत ते १०० ग्रॅमला ७७ मिलिग्रॅमच असल्याने तिला सहसा परवानगी मिळते.

साधीसुधी

हे पपनसाचं कुणीच कधी सांगितलं नव्हतं. घरात एकाला ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे, उद्याच फोन करते डॉक्टरांना.

शेवटचा_बाक

जेवणावर फळ खाल्लं की ते पोटात सडतं, म्हणून रिकाम्या पोटीच खायचं, यावर दोन शब्द होऊन जाऊ द्या.

सालासकट

सडत नाही. जठरात इतकं आम्ल असतं की तिथे सडवणाऱ्या जिवाणूंचा टिकाव लागत नाही. उलट डाळी-पालेभाज्यांतलं लोह जेवणाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर जास्त शोषलं जातं, तेव्हा रक्त कमी असणाऱ्यांनी पेरूची फोड ताटातच घ्यावी. आंबा-पपईतलं बीटा कॅरोटीनही थोडं तेल-तूप पोटात असताना चांगलं उतरतं. सफरचंद, नासपती खाऊन पोट फुगत असेल तर ते वेळेमुळे नाही, त्यातल्या सॉर्बिटॉल आणि फ्रुक्टोजमुळे. त्यांनी स्ट्रॉबेरी, संत्रं, किवी खाऊन बघावं.

रानवाट

शेवटचं विचारते. सफरचंदावर मेण लावलेलं असतं ते पोटात गेलं तर? मी साबणाने धुते.

सालासकट

साबण नको! सालीला बारीक छिद्रं असतात, साबण त्यात राहतो आणि पोटात जातो. सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतंच. काढणीनंतर धुताना ते जातं म्हणून वरून कार्नोबा किंवा शेलॅकसारखं खाण्याजोगं मेण लावतात, ते पचत नाही, तसंच बाहेर पडतं. कीटकनाशकाची भीती असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पृष्ठभागावरचं बरंच निघतं. सालीच्या आत मुरलेलं निघत नाही, ते सोलूनच जाईल, पण मग चोथाही त्याच्याबरोबर जाईल. मी सोलत नाही, नाव बघा माझं.